अँप्लिफायरमधल्या अक्षता

मी एकदा अँप्लिफायरला अक्षता वाहिल्या होत्या. दोन-चार दाणे नव्हेत, चांगल्या मूठभर. डोळे मिटून, हात जोडून, वरच्या फटींतून आत सोडल्या. नातवंडं हे ऐकून जमिनीवर लोळतात. लोळू देत. मीही लोळले असते, पण तेव्हा मी नवी नवरी होते, आणि आपण काय करतोय हे नव्या नवरीला कळलं तर ती नवी कसली?

लग्न होऊन मी अमळनेरहून सुरतेला आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. घरात माणसं दोनच, सासूबाई आणि हे. हे बँकेत. भांग सरळ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बोलणं मोजकं. अशा माणसाच्या कपाटामागे चादरीत गुंडाळलेली विजेची गिटार निघाली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ठेवायला दिली असेल.

"त्याचंच कॉलेजातलं खूळ आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "चौघं मिळून गल्ली डोक्यावर घ्यायचे."

चौघांचा तो बीट ग्रुप. गिटार यांची, ड्रम समोरच्या गल्लीतल्या जरीवाल्याच्या मुलाचे, शिवाय एक गाणारा आणि एक जाड तारांची गिटार वाजवणारा. इंग्रजी गाणी म्हणायची. रेडिओवर ऐकून निम्मे शब्द कळलेले, उरलेले निम्मे सुरतेतच तयार केलेले. कॉलेजच्या शेवटच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात ताल सुटला, सगळं कोसळलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. ताल ड्रमवाल्याने सोडला असं हे म्हणत. ड्रमवाला म्हणे, गिटारने सोडला. तेवढ्यावरून लहानपणापासूनची मैत्री संपली. तो आमच्या लग्नालाही आला नाही.

"अक्षता टाकायलासुद्धा आला नाही," हे एकदा जेवताना म्हणाले आणि ताक प्यायले. पण संध्याकाळी त्याच्या सायकलची घंटी गल्लीत वाजली की यांचं वर्तमानपत्र थोडंसं खाली यायचं. माणूस दिसेनासा झाला की पुन्हा वर.

त्या वर्षी कॉलेजच्या जुन्या मुलांनी दसऱ्याला संध्याकाळी स्नेहसंमेलन ठरवलं आणि चौघांनी पुन्हा एकत्र वाजवावं असा आग्रह धरला. गाणाऱ्याने दोन्ही घरी खेटे घालून होकार मिळवला. तालमी सुरू झाल्या. तिथेही हे दोघं एकमेकांशी बोलत नसत. "त्याला सांग, जरा हळू" हे त्याच खोलीत, दोन हातांच्या अंतरावरून, गाणाऱ्यामार्फत सांगितलं जाई.

"एकदा वाजवलं की झालं," हे मला म्हणाले. "मला काही त्याच्याशी बोलायचं नाही." आणि आरशात तिसऱ्यांदा भांग पाडला.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. पाटावर विळी, अडकित्ता, शेजारी शिवणाचं मशीन, यांची सायकल, सगळं मांडलं. सासूबाई म्हणाल्या, "त्याची गिटारही ठेव. आणि तो खोकाही."

खोका म्हणजे अँप्लिफायर. भागळ बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने बनवून दिलेला. पुढे जाळीचं कापड, वर हवेसाठी फटी, मागची बाजू अर्धी उघडी. पूजा मी करते म्हटलं. सासूबाईंवर छाप पाडायची होती ना! गिटारला कुंकू, खोक्याला झेंडूची माळ. फुलाने पाणी शिंपडलं, फटींतून हळद-कुंकू सोडलं. पंचामृताची वाटी उचलली तेव्हा सासूबाई ओरडल्या, "अगं, त्याला करंट असतो!"

वाटी खाली ठेवली. पण अक्षतांना करंट लागत नाही, एवढं विज्ञान मला येत होतं. म्हणून त्या मूठभर.

पूजेतल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक. त्यामुळे शेवटची तालीम बुडाली. दसऱ्याला दुपारी यांनी खोका नमस्कार करून उचलला, रिक्षात घातला आणि थेट कॉलेज गाठलं. आत काय बसलंय ते बघायला कुणाला सवड होती?

निघताना सासूबाईंनी यांच्या खिशात आपट्याची पानं कोंबली. "चौघांत वाटा सोनं." यांनी दोघांना दिलं. एक पान खिशातच राहिलं. मी पाहिलं.

रंगमंच इवलासा. खोका एका स्टुलावर, आणि त्याच्या पाठीला लागूनच ड्रम. मी पहिल्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी, नऊवारीत अंग चोरून बसलेली. पडदा उघडला, गिटारवर पहिला हात पडला आणि मी कानांत बोटं घातली. उपयोग शून्य. आवाज कानांतून येतच नव्हता, पायांखालच्या फरशीतून येत होता. माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या थरथरत होत्या. आणि तो बँकेतला माणूस! वरचं बटण उघडं, भांग विस्कटलेला, डोळे मिटून मागे झुकलेला. हा माझा नवरा आहे हे शेजारच्या बाईला सांगावं की लपवावं, हेच मला कळेना. अखेर सांगितलं. दोनदा सांगितलं.

दुसऱ्या गाण्यात गिटारचा आवाज वाढला, खोका गदागदा हलू लागला आणि मागून लाल दाणे सांडायला लागले. ओल्या कुंकवात चिकटून बसलेल्या माझ्या अक्षता वाळून सुटत होत्या, आणि थेट ड्रमवर पडत होत्या. ड्रमवर काठी पडली की दाणे हातभर उडत, पुन्हा पडत, पुन्हा उडत. ड्रमवाल्याच्या केसांत अक्षता, मिशीत अक्षता. तो आधी दचकला, मग त्याने एक दाणा उचलून नीट पाहिला. आता पुन्हा सगळं कोसळणार, आणि या वेळी कुणामुळे, याबद्दल वादच नको!

ड्रम थांबलेच. त्यामागून गिटार थांबली. हे मागे वळले.

ड्रमवाला हसत होता. एवढा हसत होता की काठ्या हातातून गळल्या. "अल्या," तो यांना म्हणाला, म्हणजे सुरती 'अरे'. कित्येक वर्षांनी, मधे कुणी नसताना. "अल्या, तुझ्या लग्नाच्या अक्षता आज टाकतो के?"

यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडावर घेतला.

"ताल मी सोडला हां!" ड्रमवाला सभागृहाला ओरडला. "आज मी सोडला!"

"आणि तेव्हा मी सोडला होता," हे म्हणाले. माइक समोरच होता, त्यामुळे आख्ख्या कॉलेजने ऐकलं. खिशातलं चुरगळलेलं आपट्याचं पान काढून यांनी त्याच्या हातात ठेवलं. पोरांनी या वेळीही शिट्ट्या मारल्या, पण त्या शिट्ट्या वेगळ्या होत्या.

मग तेच गाणं पहिल्यापासून. काय वाजवलं मेल्यांनी! उरलेल्या अक्षता उडतच होत्या. माझी बोटं कानांतून कधी निघाली, पाय कधी हलायला लागला, कळलं नाही. सासूबाईंनी पायाकडे पाहिलं. मी तो आखडता घेतला आणि वर बघते तो काय, त्या स्वतः आरतीसारखा टाळ्यांचा ठेका धरून बसलेल्या.

कार्यक्रम संपल्यावर हे तारा गुंडाळत होते. ड्रमवाला केस झटकत खाली आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी मान खाली घालून म्हटलं, चुकले, मला काही ठाऊक नव्हतं. त्याने कानामागचा एक दाणा काढला, माझ्या डोक्यावर टाकला आणि म्हणाला,

"भाभी, उद्या तुमच्याकडे जेवायला येतो. पण भात नको हां, भात आज बहु झाला."