एकच चार लाख

लामदुआन आंबट सॉसेज विकते. डुकराचं मांस, भात आणि लसूण आतड्यात भरायचं, दोन दिवस उन्हात टांगायचं आणि तिसऱ्या दिवशी शाळेसमोर निखाऱ्यावर भाजायचं. याच धंद्यावर तिने धाकट्या भावाला, वीराला, शिकवलं. नवरा टोर्बेन डेन्मार्कचा, निवृत्त नळ-कारागीर. थायलंडमधल्या सकोन नखोनजवळच्या त्या गावात सगळे त्याला जावईच म्हणतात. नाव उच्चारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

या जावयाला गावात राहायचं तर दरवर्षी व्हिसाची मुदत वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी त्याच्या एकट्याच्या खात्यात चार लाख थाई बात असावे लागतात, तेही अर्जाआधी सलग दोन महिने. एक दिवस जरी कमी पडले तरी अर्ज बाद.

लग्नात टोर्बेनने नवरीच्या आईला देज दिलं होतं तेही चार लाखच. परातीत नोटा मांडल्या, साऱ्या गावाने पाहिल्या आणि रात्री लामदुआनच्या आईने, खाम्पूनने, त्या गुपचूप जावयाला परत केल्या. तशी रीतच आहे. फक्त ती बोलून दाखवायची नसते. तेच पैसे बँकेत गेले. तेव्हापासून नऊ वर्षं गावाच्या लेखी ते चार लाख खाम्पूनचे होते आणि सरकारच्या लेखी टोर्बेनचे.

"मी एकदाच मोजून घेतले," खाम्पून म्हणायची. "सरकारचं समाधानच होत नाही. दरवर्षी नवरीची आई होऊन बसतं."

यंदा वीराचं लग्न ठरलं आणि घोडं अडलं. मुलीची आई मालाय म्हणाली, "देज चार लाख. फक्त दाखवायला हो, विहीणबाई. संध्याकाळी परत. तुमच्या घरात तर पडूनच आहेत."

खाम्पूनने मान डोलावली. दुसरं काय करणार? नऊ वर्षांची इभ्रत होती. भिक्खूंनी मुहूर्त काढला तो नेमका टोर्बेनच्या अर्जाच्या तीन आठवडे आधीचा.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," खाम्पून लेकीला म्हणाली.

"एका दिवसानेच जावई डेन्मार्कला जाईल, आई."

"पण ताई, परात रिकामी ठेवायची का?" वीरा रडवेला झाला. "दाजी, तुम्हीच सांगा ना तिला!"

बायको आणि सासू यांच्यामध्ये बोलायचं नाही, एवढी भाषा टोर्बेन पहिल्याच वर्षी शिकला होता.

तोड लामदुआननेच काढली. लग्नाच्या दिवशी परातीत सुपारी आणि कमळाच्या पाकळ्यांवर पासबुक ठेवलं. "आजकाल घरात रोकड कोण ठेवतं? चोऱ्या किती होतात!" खाम्पूनने मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं.

मालायने पासबुक उघडलं, आकडा पाहिला, मग नाव पाहिलं.

"हे तर जावयाच्या नावावर आहे."

"जावई काय नि मुलगा काय," खाम्पून म्हणाली.

मालायने मांडवाकडे पाहिलं. सगळं गाव माना उंचावून बसलं होतं. तिने पासबुकावर तीळ आणि लाह्या टाकल्या, ते कापडात बांधलं आणि रिवाजाप्रमाणे गाठोडं खांद्यावर घेऊन कण्हत निघाली. "अगं बाई, काय जड आहे! कंबर मोडली माझी!" टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मात्र पासबुक परत आलं नाही.

"खांद्यावरून आलेलं धन आम्ही तीन पौर्णिमा घराबाहेर काढत नाही," मालायने निरोप धाडला. असा रिवाज कुणी ऐकला नव्हता.

"हरवलं म्हणून पोलिसात लिहून देऊ," टोर्बेन म्हणाला. "बँक दुसरं देते."

"विहिणीच्या घरी असलेली वस्तू पोलिसात हरवलेली लिहायची? मग वीराने सासरी जेवायचं कोणत्या तोंडाने?" खाम्पून म्हणाली.

अर्जाच्या आदल्या दिवशी लामदुआन सॉसेजची माळ घेऊन मालायकडे गेली. मालायने माळ घेतली, पाणी दिलं आणि दार लोटलं.

"तुझ्या आईकडे पैसे नाहीत, हे मला परात पाहूनच कळलं," ती म्हणाली. "पण शेजारणी विचारतात, पासबुक आलं, नोटा कधी येणार? पासबुक परत दिलं तर उद्या पाणवठ्यावर माझं हसं. मी काय सांगू?"

लामदुआनने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"पासबुक देते. पण माझ्या हातून. मी बरोबर येणार," मालाय म्हणाली.

म्हणून दुसऱ्या दिवशी आधी बँकेत आणि मग मुदतवाढीच्या कचेरीत चौघं गेली. पिशवी मांडीवर धरून मालाय मधोमध बसली. अधिकारी बाईंनी कागद तपासले. पासबुक मागितलं, तेव्हा पिशवीतून ते निघायला जरा वेळच लागला.

"या कोण?"

"विहीण," खाम्पून म्हणाली.

"पैसे नक्की कुणाचे?"

टोर्बेनने मालायकडे पाहिलं. खाम्पूनने छताकडे. लामदुआनला नवऱ्याची बॅग भरलेली दिसू लागली.

"त्याचेच," मालाय म्हणाली. "पासबुक माझ्याकडे सांभाळायला दिलंय. माणूस बघून दिलंय."

बाईंनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याही याच मुलखातल्या होत्या. पासबुक झटकून त्यांनी टेबलावरचे तीळ हाताने बाजूला सारले आणि महिन्याचा तात्पुरता शिक्का मारला. "आम्ही घर बघायला येऊ. पक्का शिक्का मिळेपर्यंत या पैशांना कुणीही हात लावायचा नाही."

मालाय ताडकन उठली. पिशवीतून मोबाईल काढून तिने कुणाला तरी फोन लावला, आवाज मोठा केला आणि तो बाईंच्या तोंडासमोर धरला.

"मॅडम, आत्ताचं पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्याने. पलीकडे आमच्या सगळ्या शेजारणी बसल्यात."