भैरवीनंतर काही नाही

"भैरवीनंतर काही नाही. का, ते विचारायचं नाही."

औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत दर रविवारी सकाळी आमची गाणी ऐकायची बैठक भरते. तिथं पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा मला मिळालेला हा पहिला नियम. मैफल संपवायची ती भैरवी रागानं. एकदा भैरवी झाली की कुणी काही लावायचं नाही, गायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही.

"का?" मी लगेच विचारलं.

खोली तात्यांची. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, घरात तीन कपाटं भरून रेकॉर्ड्स. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"पोरी, दहीभात झाल्यावर कुणी वरण मागतं का?"

"आमच्या घरी मागतात!"

तेव्हापासून मी त्या खोलीत 'ती विचारणारी' आहे.

आम्ही पाच जण. पाचांच्या पाच आवडी, आणि प्रत्येकाला खात्री की बाकीच्या चौघांचे कान बिघडलेत. मग किस्से साठणारच. मैत्रिणींना एक सांगायला बसलं की त्याला धरून दुसरा येतो. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगते. बैठकीत प्रत्येकाला आपल्या आवडीचा अर्धा तास मिळतो. मला तो माझ्या आईच्या भीमगीतांसाठी हवा होता. आई चिकलठाण्याला आमच्या वसाहतीतल्या बायकांबरोबर गाते, कितीतरी गाणी तिनं स्वतः रचलीत. पण बैठकीत नव्या माणसाची पाळी सगळ्यात शेवटी, भैरवीच्या अगदी आधी. आणि भैरवी कधी लावायची, ते तात्यांचं पोट ठरवतं.

* * *

दुसरा नियम पहिल्याहून कडक. गाणं चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी काढलाच तर तात्या ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "श्श! गाणं चालू आहे." डोळे मिटलेले असले तरी बोट बरोबर वर जातं.

बैठकीनंतरचा चहा आधी सुमनमावशी करायच्या. मावशी रिटायर्ड शिक्षिका, नाट्यगीतांच्या भक्त. "चहा मावशींनीच का करायचा?" असं मी विचारलं, आणि तेव्हापासून तो रोहन करतो. रोहन इंजिनिअर आहे, माझ्याच वयाचा. मेटल ऐकतो आणि दूध गॅसवर ठेवून विसरतो.

एकदा तात्यांची रेकॉर्ड चालू असताना दूध उतू गेलं. वास आला. रोहन अर्धवट उठला. बोट! मावशींनी हातानं खुणा केल्या. बोट! आलाप संपेना, वास वाढत चालला, आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून शास्त्रीय संगीत ऐकत बसलो.

शेवटी रेकॉर्ड थांबली. तात्यांनी सावकाश डोळे उघडले. "वा! काय आर्तता आहे!" मग हवेत वास घेत म्हणाले, "काही जळतंय का हो?"

"जळत होतं तुमच्या आलापात," मावशी म्हणाल्या. "आता जळून झालं!"

* * *

या नियमाचा सगळ्यात मोठा त्रास खान सरांना. सर गणिताचे मास्तर होते, आता पूर्णवेळ गझल आणि कव्वाली. गझलेला दाद द्यायची नाही म्हणजे काय? "मियाँ, शेर पे वाह नक्को बोलो, ये तो जुल्म हुआ ना," असं ते तात्यांना कितीदा म्हणाले. तात्या ऐकत नाहीत.

मग सरांनी मार्ग काढला. चांगला शेर आला की शेजारी बसलेल्या माणसाची मांडी गच्च दाबायची. शेजारी नेमका रोहन बसायचा.

एका रविवारी सरांनी अशी काही गझल लावली की एकेक शेर दुसऱ्याहून सरस. रोहन तोंड दाबून बसला होता, डोळ्यांत पाणी. सरांना वाटलं, पोराला गझल भिडली!

संपल्यावर रोहन लंगडत उभा राहिला. "सर, लई भारी होती. पण पुढच्या वेळी जरा सुमार गझल लावा ना!"

* * *

रोहनच्या पाळीची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. त्यानं ब्लूटूथ स्पीकर मध्ये ठेवला आणि मेटल लावलं. खिडकीची काच थरथरली. खालच्या दुकानातला माणूस वर येऊन बघून गेला.

गाणं थांबल्यावर खान सर काळजीनं म्हणाले, "बेटा, गानेवाले को तकलीफ क्या है? किसी ने दिखाया नहीं क्या डॉक्टर को?"

मावशी म्हणाल्या, "ढोलवाल्याचा हात मात्र तयारीचा आहे हं."

सगळा वेळ तात्यांची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. "सातचा हिशोब आहे," ते शेवटी म्हणाले. "पण मध्येच एक मात्रा कुठंतरी पळते. ताल फिरून जिथं येऊन टेकतो, ती सम कुठंय याची?"

"तात्या, मेटलमध्ये सम नसते."

"सम नाही असं गाणंच नसतं. लाव परत!"

चार वेळा लावलं. सम सापडली नाही. तात्यांनी गाणं आपल्या मोबाईलवर मागून घेतलं. शास्त्रीय सोडून काही ऐकू नये म्हणणारे तात्या मंगळवारपर्यंत मेटल ऐकत होते! मंगळवारी रोहन कंपनीत मीटिंगमध्ये होता, समोर त्याचे साहेब. तात्यांचा फोन आला, कट केला, परत आला. घाबरून त्यानं उचलला तर तात्या ओरडले, "सापडली!"

साहेबांनी विचारलं, "काय सापडली?"

रोहन म्हणाला, "सम, सर."

साहेब म्हणे अजून त्याच्याकडं विचित्र नजरेनं बघतात.

* * *

मावशींच्या भाचीच्या लग्नासाठी पैठणी बघायची होती म्हणून आम्ही एकदा पैठणला गेलो. एसटीत मागच्या सीटवर एक गडी मोबाईलवर वरातीतली डीजेची गाणी जोरात लावून बसलेला. तात्यांनी कानांना मफलर गुंडाळला. मे महिन्यात!

"हे संगीत नव्हे," ते म्हणाले. "सुमनताई, तुम्हीच सांगा, हे ऐकवतं तरी का?"

"छे हो, मुळीच नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचा उजवा पाय मात्र एसटीच्या पत्र्यावर पक्क्या ठेक्यात वाजत होता.

मी म्हटलं, "मावशी, तुमचा पाय बघा!"

त्यांनी खाली बघितलं, पण पाय काही थांबवला नाही. "मी कुठं ऐकतेय? पाय ऐकतोय."

* * *

आता माझ्या पाळीचं. पहिल्या रविवारी खान सरांची कव्वाली लांबली आणि भैरवी आली. दुसऱ्या वेळी मावशींच्या नाट्यगीताला सगळ्यांनी वन्समोअर दिला आणि भैरवी आली. तिसऱ्या वेळी मी आधीच स्पीकर जोडून तयार बसले, तर तात्या म्हणाले, "कसली गाणी आहेत तुझी?"

"भीमगीतं."

"म्हणजे जयंतीला वाजतात ती? छान असतात. पण ती मिरवणुकीची, पोरी. बसून ऐकायची नव्हेत."

"मिरवणुकीत माणसं कान घरी ठेवून येतात का, तात्या?"

मावशींनी बांगड्या सारख्या केल्या. रोहननं मोबाईलमध्ये डोकं घातलं. खान सर तेवढे म्हणाले, "तात्या, इनके गानों में हमारी कव्वाली का ठेका है. सुन के तो देखो."

"ऐकू की. नाही कोण म्हणतंय?" तात्या घड्याळाकडं बघत म्हणाले. "पण आता जेवणाची वेळ झाली." आणि त्यांनी भैरवी लावली.

तात्या वाईट माणूस नाहीत. माझ्या परीक्षेच्या वेळी त्यांनी फी न घेता मला इंग्रजी शिकवलंय. म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

* * *

घरी येऊन मी कानात हेडफोन घालून रॅप ऐकत पडले. तेही एवढ्या जोरात की आईला भाकऱ्या थापता थापता ऐकू गेलं. तिनं पिठाच्या हातानं माझ्या कानातला हेडफोनचा एक बोळा काढून स्वतःच्या कानाला लावला.

"हे गाणं हाय का भांडण?"

"दोन्ही."

"मंग हे तर आमचंच हाय की!" असं म्हणून तिनं बोळा परत दिला. त्याला पीठ लागलं ते अजून आहे.

मी तिला बैठकीतलं सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती तवा पुसत राहिली. मग म्हणाली, "मोबाईलवर कशाला ऐकवती? मीच येते."

"तिथं म्हातारे लई खडूस आहेत."

"असू दे. म्हाताऱ्यांपुढं गायची सवय हाय मला. तुझा आजा काय कमी होता?"

* * *

पुढच्या रविवारी आई आली. पांढरी इस्त्रीची साडी, पिशवीत खंजिरी. सगळ्यांनी तिला अगत्यानं बसवलं. मावशींनी उशी दिली, खान सरांनी "आइये बहनजी" केलं. आईनं मावशींचं नाट्यगीत डोकं हलवत ऐकलं. रोहनचं मेटल ऐकून हळूच मला म्हणाली, "लेकराला घरी काय त्रास हाय का?" तात्यांचं बोट! आई दचकली. मी तिला नियम सांगितला होता, पण बोट एवढं झटकन येतं, हे सांगायचं राहिलं होतं.

तात्यांनी त्या दिवशी आपल्या अर्ध्या तासात एक मोठा ख्याल लावला. ख्याल चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण अर्धा तास झाला, पाऊण झाला, तात्या डोळे मिटून कुठंतरी पोहोचले होते. आईनं खंजिरी पिशवीतून काढून मांडीवर घेतली होती. बोटांनी ती चामड्यावर अगदी हलकं, आवाज न करता, ठेका धरून बघत होती.

ख्याल संपला. तात्यांनी डोळे उघडले, घड्याळ बघितलं. "अरे बापरे! एक वाजला. भैरवी घेऊ." आणि मी तोंड उघडायच्या आत सुई टेकली.

भैरवीभर मी गप्प बसले. नियम होता ना!

भैरवी संपली. तात्यांनी रेकॉर्ड पुसून कव्हरात घातली. मावशी दाराशी चपला शोधायला गेल्या आणि तिथूनच आईला म्हणाल्या, "ताई, पुढच्या रविवारी नक्की हं! आज जरा उशीरच झाला."

"व्हय व्हय, चालतंय की," आई म्हणाली. खंजिरी परत पिशवीत घालू लागली. मला हळूच म्हणाली, "चल बाई. लोकायची जेवणं व्हायचीत."

आईचा तो चेहरा मला ओळखीचा आहे. लग्नात शेवटच्या पंगतीला भाजी संपली की ती असंच म्हणते, "मला भूकच नव्हती."

मी तिच्या हातातून पिशवी घेतली.

"नाही. कुणी जाणार नाही. तात्या, बसा."

तात्या बघतच राहिले. "अगं, भैरवी झाली!"

"तुमची झाली. आमची पाळी राहिली."

"प्रज्ञा, नियम आहे बाळा. मी केलेला नाही, माझ्या गुरुजींनी..."

"मी पहिल्या दिवशी 'का' विचारलं, तुम्ही दहीभात सांगितला. मी तेव्हाच सांगितलं होतं, आमच्या घरी दहीभातानंतरही वरण मागतात. आज मागतेय. मी हा नियम पाळणार नाही. आई, सुरू कर."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग तात्यांकडं. मग तिनं पदर खोचला, खंजिरीवर एक सणसणीत थाप मारली आणि आवाज लावला, वसाहतीत शेवटच्या घरापर्यंत जातो तो.

"पाटी घेतली लेकीनं, गं बाई, पाटी घेतली लेकीनं..."

खिडकीची काच थरथरली.

मावशी दारात एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. "अहो, पण भैरवीनंतर असं..."

तात्यांचं बोट ओठांवर गेलं.

"श्श! गाणं चालू आहे."

मावशींनी हात खाली घेतला. स्वतःच्याच बोटाकडं बघत तात्या हळूहळू खाली बसले. आईनं दुसरं कडवं घेतलं. मावशींचा चपलेतला पाय हलायला लागला होता. खान सर सरकत सरकत रोहनशेजारी गेले, आणि तिसऱ्या कडव्याला रोहन एकदम कळवळला, "आई गं!"

तात्यांचं बोट तिकडं वळलं.