किळसोबाची कढई

किळसोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्यात पडलं, आणि असं चिकटलं की निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात खरं नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेतले एकमेकांना विचारत होते, हा कोण बुवा? बरं, नाव खोटंही नव्हतं. या माणसाला जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस यायची. लिफ्टच्या बटणांची यायची, ओल्या फडक्याची यायची, दुसऱ्याने अर्धवट टाकलेल्या चहाच्या कपाची तर इतकी यायची की कप उचलायला फक्त दोन बोटं पुढे जायची, बाकीचा माणूस मागेच उभा. पण सगळ्यात वरचा नंबर कुणाचा, तर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या त्या पिवळ्याजर्द, चौकोनी, लिबलिबीत चीजच्या स्लाइसचा. आणि नेमकं तेच बनवण्यात त्याची हयात गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग सोडायची होती नोकरी. सोडतोय कुठे? घर होतं, मुलाचं शिक्षण होतं. त्याचं काम मोठ्या कढईवर. माणूस उभा बुडेल एवढं स्टीलचं भांडं, आत फिरतं पातं, बाहेरून वाफ. सकाळी ट्रक भरून चीज यायचं. डेअऱ्यांमधलं न खपलेलं, कडा फुटलेलं, बुरशी तासलेलं, उन्हात राहून घाम सुटलेलं. त्यातच कधीतरी एखादी लादी अशी यायची की हातात घेतल्याबरोबर कळावं, कुणीतरी हिला थंड खोलीत वर्षभर जपलंय, उलटंपालटं करून मिठाच्या पाण्याने पुसलंय. बनवणाऱ्याचं दुकान बंद पडलं, म्हणून बिचारी इथे.

किळसोबाकडे एक पोकळ सळई असायची. ती लादीत खुपसायची, गर्रकन फिरवून ओढायची, की आतला बोटभर तुकडा बाहेर येई. तो हुंगायचा, चाखायचा आणि एकच शब्द बोलायचा: चालेल. कुजलेलं असेल तर नाही म्हणायची मुभा होती, पण अप्रतिम असेल तर त्यासाठी वेगळा शब्द कारखान्यात नव्हता. अप्रतिमही चालेल, भिकारही चालेल, आणि दोन्ही वितळायला एकाच कढईत. वरून वितळवायचं मीठ टाकायचं. ते पडलं की चीजचं तेल सुटत नाही, सगळं कसं गुळगुळीत एकजीव होतं, चव ओळखू येत नाही. पहिल्यांदा तशी जपलेली लादी त्याने स्वतःच्या हाताने कढईत लोटली, त्या दिवशी तो मोरीत जाऊन ओकून आला होता. नाव पडलं ते तेव्हाच.

चीजचं वेड लागलं तेही तिथेच, त्या सळईच्या तुकड्यांवर. निवृत्त झाल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्लाइसचं पाकीट पुन्हा घरात येणार नाही म्हणून कानाला खडा लावला. आणि दुसरी म्हणजे एक जाड बुडाचा तवा घेतला. मग काय विचारता. पाव आदल्या दिवशीचा हवा, ताजा पाव ओलावा सोडतो. लोणी तव्यावर नाही, पावाला, अगदी कडेपर्यंत. चीज किसलेलं, दोन जातींचं, एक वितळणारं आणि एक चवीने बोलणारं. आच मंद, वर झाकण, आणि झाकण सारखं उघडून बघणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊलच ठेवू नये. बायको म्हणायची, "तुमच्या त्या चीजला वेगळी खोली द्या हो, मी काही तिथे झोपायला येणार नाही." म्हणायची, आणि वरचा कुरकुरीत तुकडा पहिला तीच उचलायची. ती गेली. त्यानंतर सँडविच तसंच व्हायचं, खाणारा तोच, आणि नावं ठेवायला कुणी नाही. रिकाम्या घराची त्याला जी किळस यायची ना, तेवढी त्या कढईचीही कधी आली नव्हती.

म्हणून सून दुसऱ्या बाळंतपणासाठी इस्पितळात पडून राहिली, मुलाची धावपळ सुरू झाली आणि सात वर्षांच्या नातीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा हा गडी कुणी विचारायच्या आत "माझ्याकडे" म्हणून मोकळा झाला. चीजवाल्याकडे जाऊन त्याने खास लादीतला तुकडा कापून आणला. खिशाला परवडणारा नव्हता, पण नात काय रोज येते?

नात आली, हात धुऊन टेबलाशी बसली. समोर सोनेरी सँडविच. तिने ते दोन बोटांनी उचललं, बाकीची पोरगी मागेच. हुंगलं. मग नाक असं मुरडलं की किळसोबाला क्षणभर आरशात बघितल्यासारखं झालं.

"शी. मोज्यांचा वास येतोय."

"मोज्यांचा? बाळा, हे चौदा महिने मुरवलंय."

"मग मोजे धुवायला नकोत?" ती म्हणाली. "मला ते पिवळं हवंय. कागद काढायचा असतो ते."

किळसोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने नाकं मुरडली, शेजाऱ्यांनी मुरडली, पण आपल्याच रक्ताचं नाक, आणि ते पिवळ्यासाठी झुरतंय? छे. म्हटलं, भूक लागली की खाईल. पण पोरगी आजोबांवर गेलेली. दुसऱ्या दिवशी त्याने सौम्य चीज घातलं, तिने पाव उघडून चीज बोटाने ताटाच्या कडेला सरकवलं. पुढच्या दिवशी सफरचंदाच्या चकत्या घालून वास दाबायचा प्रयत्न केला, तिने सफरचंद खाल्लं, तेही पुसून. बाकी दुसरं काही दिलं की चार घास खायची आणि ताट सरकवायची. घरी ती सगळं त्या पिवळ्याच्या लाचेवर खायची म्हणे.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आणा ना एक पाकीट. कशाला एवढा हट्ट?"

"माझ्या घरात ते येणार नाही. ते कशाचं करतात ते मला विचार."

मग सुनेने फोन घेतला. आवाज थकलेला. "बाबा, मला वाद नाही घालायचा. तिच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. नाहीतर शनिवारी माझी ताई येईल आणि तिला स्वतःच्या घरी नेईल. तुमच्यावर राग नाही, पण मला इथे पडल्या पडल्या तिची काळजी नको."

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. नातीने सोफ्यावर रंगीत पेन्सिली पसरल्या होत्या, बाथरूममध्ये तिचा छोटा टॉवेल लटकत होता. शनिवारी ते सगळं एका पिशवीत जाणार आणि घर पुन्हा मुकं होणार. शुक्रवारी दुपारी किळसोबा सुपरमार्केटात गेला.

त्याने पाकीट उचललं ते दोन बोटांनी. त्याच्याच कारखान्याचं, वर हसरी गाय. त्या गायीला माहीत असतं आत काय आहे, तर हसली नसती. पाकीट टोपलीत टाकून त्यावर कोबीचा गड्डा ठेवला आणि रांगेत उभा राहिला, तर मागे कोण? चीजवाला. नेहमीचा, खास तुकडा कापून देणारा. कोबी तेवढ्यात घरंगळला.

"हे कुणासाठी?" चीजवाल्याने विचारलं.

"मांजरासाठी."

"मांजर पाळलंत?"

"आलंय," किळसोबा म्हणाला, आणि कान लाल करून पैसे देऊन निघाला.

घरी आल्यावर त्याने पहिला कागद सोलला. सोलताना तो चिकट, ओला आवाज. हातात ते थंड, गुळगुळीत, बोटाला चिकटणारं. तीच ती चव नसलेली पिवळी माती, आणि ही मी माझ्या नातीच्या पोटात घालू? फ्रिजमध्ये खास चीजचा उरलेला तुकडा होता. म्हटलं, थोडंसं यातलं घालतो. निदान काहीतरी खरं जाईल पोटात. पोरीला कळणारही नाही.

छोट्या कढईत चमचाभर दूध तापवलं, स्लाइस सोडले, वर मुरलेलं चीज किसून टाकलं. स्लाइसमधल्या मिठाने आपलं काम केलं. चांगल्या चीजचं तेल सुटलं नाही, सगळं पिवळं, गुळगुळीत, एकजीव झालं. हात आपोआप फिरत होता, कडेने खरवडत, मधून आठाचा आकडा काढत, त्या पात्यासारखा. मग त्याने चमचा नाकाशी नेला, जिभेला लावला आणि सवयीने तोंडातून शब्द गेला, "चालेल."

गेला, आणि तो जागच्या जागी थिजला. सगळी हयात ज्याची शिसारी आली तेच तो स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या खर्चाने, कुणी पगार देत नसताना करत होता. जपलेली लादी कढईत लोटली होती, आणि तीही कुणाला कळू नये म्हणून. इतकी घाण त्याला जन्मात कशाची वाटली नव्हती. त्याने कढई उचलली, सिंककडे वळला. दारात नात उभी होती. हात धुऊन, ओल्या हातांनी.

"झालं?" तिने विचारलं.

पोरगी भुकेने पांढरी पडलेली. कढई घेऊन तो परत फिरला. पावाला लोणी लावलं, कडेपर्यंत. ते पिवळं आत भरलं, मंद आचेवर झाकण ठेवलं, आणि झाकणाकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिला.

नातीने सँडविच हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग खायला लागली आणि थांबलीच नाही, कडासुद्धा खाल्ल्या. हनुवटीवर पिवळा थेंब. किळसोबाला त्या थेंबाची किळस आली आणि त्याने तो बोटाने पुसला.

"आजोबा," ती तोंडात घास ठेवून म्हणाली, "यात तुमचं मोज्यांचं पण घातलंय ना?"

चीजवाल्याशी खोटं बोलताना याची जीभ अडखळली नव्हती. इथे मात्र अडखळली. कबूल करावं तर उद्या मावशी, नाही म्हणावं तर समोर हे नाक.

"घातलंय," तो म्हणाला. "कसं कळलं?"

"वास आला. आधीच आला, खायच्या आधी."

"मग खाल्लंस कसं?"

तिने थोडा विचार केला. शेवटचा तुकडा उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले, अगदी सळईवरचा तुकडा हुंगावा तसा. "चालेल," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी लपवू नका. वेगळं ठेवा, मी बघते."

शनिवारी सकाळी सुनेचा फोन आला तेव्हा नातीने तो स्वतः घेतला. "मावशीला सांग नको येऊस," तिने सांगितलं. "आजोबांना अजून पिवळं नीट करता येत नाही. मी इथेच राहते." किळसोबा सिंकपाशी उभा राहून कालची कढई घासत होता. कडेला वाळलेला पिवळा थर होता, तो नखाने काढावा लागला, आणि त्याने तो काढला.

सोमवारी तो चीजवाल्याकडे गेला. नातीला नेलं नाही, म्हटलं एकदम नको. एक सौम्य तुकडा मागितला, आणि एक त्याहून थोडा मुरलेला, वेगवेगळ्या कागदांत.

"मांजर कसं आहे?" चीजवाल्याने सुरी पुसत विचारलं.

"नाक फार तयार आहे त्याचं," किळसोबा म्हणाला. "त्याच्यासाठीच नेतोय."