खिडकीचा डाव

आमच्या शिलाईच्या कारखान्यात खिडकी एकच. बाकी सगळी मशीनं ट्यूबलाइटखाली, आणि त्यातल्या निम्म्या ट्यूब उचकी लागल्यासारख्या फडफडतात. खिडकीजवळच्या मशीनवरून आम्हा बायकांची इतकी जुंपायची की शेवटी कटिंग मास्तरांनी तोडगा काढला. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा पोकर खेळायचा, पैशांऐवजी शर्टाची बटणं डावावर लावायची, आणि जिच्याकडे शेवटी जास्त बटणं ती पुढचा आठवडा खिडकीत. मालकाने कपाळावर हात मारला, पण भांडणं थांबली म्हणून गप्प बसला.

आणि खिडकीत कायम कोण? मावशी! माझी नव्हे हो, अख्ख्या कारखान्याची मावशी. काज करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि पोकरमध्येही नाही.

मास्तर पिसून प्रत्येकीला दोन-दोन पानं वाटतात, मग मध्ये पाच उघडी मांडतात. हातातली आणि मधली मिळून जिची पाच पानं सगळ्यात भारी, तिची सगळी बटणं. आमचं कसं, हातात गुलाम दिसला, लाव बटण. नुसती दोन लाल पानं आली, लाव बटण. मावशी दोन पानं एकदाच बघायची, "नको बाई" म्हणायची आणि पालथी टाकायची. डावामागून डाव तेच. मी वैतागून म्हणायचे, "अगं, खेळायला आलीस की आमची तोंडं बघायला?"

"मधली पानं काय यायची ती येतील," ती म्हणायची. "पहिली दोन घ्यायची की टाकायची, तेवढंच आपल्याला ठरवता येतं."

मग एखादी जोडी, नाहीतर एकाच चिन्हाचे एक्का-राजा आले की ही बया हळूच बटणं सरकवणार आणि आमची सगळी गोळा करून नेणार. डोकं फिरायचं माझं!

आयुष्यातही तशीच. नवऱ्याने पहिल्यांदा हात उगारला त्याच दिवशी पिशवी भरून बाहेर पडली. धाकट्या बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. स्वतःला पुढे स्थळं आली, तर चहा पाजून वाटेला लावली. एका खोलीत एकटी राहते आणि कुणापुढे हात पसरत नाही.

यंदा मात्र मावशी भलतंच खेळायला लागली. एका शनिवारी तिने बरीच बटणं लावली आणि पानं उघडली. "पाच बदाम!" मध्ये तीन बदाम होते, तिच्या हातात बदामाचा राजा होता, पण दुसरं पान होतं चौकटचा नव्वा. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग तिची पानं पुन्हा नीट बघितली. राजा आणि नव्वा, तेही वेगवेगळ्या चिन्हांचे? अशा पानांना मावशी बोटसुद्धा लावत नाही. तिला बदाम आणि चौकट वेगळे दिसतच नव्हते.

त्या आठवड्यात मी तिच्यावर नजर ठेवली. खिडकीत बसूनही ती काज अंगठ्याने चाचपून बघत होती. खिडकी गेली तर ट्यूबखाली तिचं बिंग फुटणार, हे मला कळलं. आणि डोळे गेलेल्या बाईला मालक काय करतो ते आम्ही पाहिलं होतं. शर्टांना बटणं शिवणाऱ्या एकीला दिसेनासं झालं, तर त्याने तिला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं.

पुढच्या शनिवारी बाकीच्या लवकर बाद झाल्या. उरलो मी आणि मावशी. मला एक्का-राजा आले आणि मी चक्क टाकून दिले. मावशीने माझी पानं उचलली, डोळ्यांपाशी नेली, आणि अशी तडकली म्हणता!

"माझी कीव करतेस? जिंकायचं तर नीट जिंक, नाहीतर ऊठ इथून!"

मलाही राग आला. म्हटलं, ठीक आहे, तुझंच खरं. पुढच्या डावात मावशीने सगळी बटणं पुढे सरकवली. मीही सरकवली. तिच्याकडे गुलामांची जोडी होती. माझ्याकडे राण्यांची. मधल्या पाच पानांनी कुणालाच हात दिला नाही.

खिडकी माझी झाली. एवढी वर्षं जिच्यासाठी भांडले ती मिळाली, आणि घास कडू लागावा तसं झालं.

मावशीने पानं एकत्र करून मास्तरांच्या हातात दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मास्तर, मला दिसत नाही हो. खिडकी होती तोवर लपवलं. आता कसं लपवू?"

मास्तर चपापले. "आधी बोलायचं ना, मावशी!"

"बोलले असते तर घरी बसवलं असतं."

"कोण बसवतो बघतेच मी!" मी ओरडले. "सगळी मशीनं बंद पाडीन! खिडकीत तूच बसायचंस."

"तू गप. जिंकलीस तू, तूच बसायचंस." मग तिने अंदाजाने माझं मनगट शोधलं आणि धरलं. आवाज एकदम बारीक झाला. "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील? अनोळखी रस्त्यावर एकटीला भीती वाटते गं."

मावशीने कुणाकडे काही मागितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आवरेना. "नेते की," एवढंच कसंबसं म्हटलं.

"मग रडतेस कशाला, वेडे?" ती म्हणाली. "चल, माझा डबा कुठेय तेवढा बघ. मघापासून सापडत नाहीये."