मुर्ध्याच्या अंगणात न वाजलेली सलामी

"अहो भाऊ, फुंका ना! नुसते गाल काय फुगवताय?" सावंत माझ्या कानाशी ओरडत होता.

मी फुंकतच होतो. इतका फुंकत होतो की डोळे कोळंबीसारखे बाहेर आले होते आणि पँटचं वरचं बटण उडून कुणाच्या तरी चहात पडलं होतं. ट्रम्पेटमधून हवा जात होती, समोरच्या निरांजनाची वात हलत होती... पण आवाज? शून्य.

"मग तू वाजव," मी म्हटलं. सावंतने क्लॅरिनेट तोंडाला लावली. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आणि उसासासुद्धा निघाला नाही. जिग्नेशभाईने साइड ड्रमवर काठ्या आपटल्या. काठ्या पडताना दिसत होत्या, उसळताना दिसत होत्या. गादीवर मारलं तरी धप् होतं, इथे तेही नाही.

थांबा, आधी नीट सांगतो. इथे असले अनुभव लिहिणारे बहुतेक जण 'माझा विश्वास नव्हता' म्हणून सुरुवात करतात. माझा तर अजूनही नाही. स्मशानाच्या भिंतीला टेकून भेळ खाल्लेला माणूस आहे मी. आणि मला ओळखणारे सांगतील की याच्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असतात. मान्य. ही दहावी.

साल दोन हजार पाचच्या आसपासचं, महिना डिसेंबर. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात खाडीच्या बाजूला शेवटून दुसरं घर, पुढे सारवलेलं अंगण, जास्वंदीचं कुंपण आणि लोखंडी फाटक. वेळ भर दुपारची, म्हणजे अंधार, अमावस्या, कुत्रं रडणं वगैरे काही नाही.

आम्ही तिघं बेव्हर्ली पार्कमधल्या एकाच सोसायटीचे. मी बँकेत, सावंत विम्यात, जिग्नेशभाईचं भाईंदरला कापडाचं दुकान. दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाजवायचो. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे आम्हीच. माझ्या ट्रम्पेटने तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी लाजून बंद पडायची.

ते ऐकूनच रोशन माझ्याकडे आला. त्याचं काशीगावला टायरचं दुकान, माझी स्कूटर त्याच्याकडेच जायची. पंक्चर काढता काढता म्हणाला, "काका, आमच्या अंगणात वाजवाल? मामासाठी."

त्याचा मामा धर्माजी एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर कामी आला. तार आली ती हिराबाईंच्या, म्हणजे रोशनच्या आईच्या, हळदीच्या मांडवात. ऐन रंगात वाजंत्री थांबले ते थांबलेच. लग्न देवळात गुपचूप उरकलं. आईबापांजवळ कुणी उरलं नाही म्हणून हिराबाई नवऱ्यासकट माहेरीच राहिल्या, आणि त्या अंगणात पुन्हा वाद्य म्हणून आलं नाही. गणपतीची आरतीसुद्धा टाळांशिवाय.

आता हळद होती रोशनची. आगरी घरची हळद आणि वाजप नाही, म्हणजे मिठाशिवाय म्हावरं. पोरगं कासावीस झालं होतं. हिराबाईंनी शेवटी एवढं मान्य केलं होतं, "आधी त्याच्या नावानं वाजवा. त्याला वाजलं तर रोशनला वाजंल. न्हाय तर न्हाय."

"काळजी सोड," मी रोशनला म्हटलं. "अशी सलामी देतो की सीमेपलीकडचे चहा सांडतील."

सावंतने धून बसवली. संथ, भारदस्त. मधे एका जागी मी एकटाच उंच सूर धरून ठेवायचा. तो सूर ऐकून आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी रडला होता, आणि हा सेक्रेटरी म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेरून हसणारा गृहस्थ. कित्येक रविवार आम्ही त्या धुनीत घातले.

आणि आता हे. खुर्चीवर धर्माजींचा गणवेशातला फोटो, त्याला हार, सगळं गाव अंगणात, फाटकाबाहेर रात्रीसाठी बोलावलेली बेंजो पार्टी वाट बघत उभी... आणि आम्ही तिघं मुके.

"सेल टाकायचे राहिले काय, काका?" बेंजोवाल्यांचा मास्टर बाहेरून म्हणाला. सगळं गाव हसलं. हिराबाई सोडून. रोशनही सोडून.

मी तणतणत फाटकाबाहेर गेलो आणि फुंकलं. असा आवाज निघाला की खाडीवरचे बगळे थेट उत्तनला जाऊन बसले. आत आलो, फुंकलं. काही नाही. पुन्हा बाहेर... दणदणीत. आत... ठणठणाट. एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून वाजवलं तेव्हा अर्धा आवाज आला. सावंत हे नाकारतो, पण तो तेव्हा क्लॅरिनेटची रीड चाटून बघत होता, त्याला काय कळणार.

आम्ही रीड बदलली. ट्रम्पेट उलटं करून झटकलं. ड्रमचे स्क्रू आवळले. घामाने शर्ट अंगाला चिकटला. मला इतका राग आला होता की... कुणाचा, तेच कळत नव्हतं.

हिराबाई उठल्या. पदर खोचला. "ऱ्हावं द्या आता," म्हणाल्या. "त्याला नको आसंल." मग फाटकाकडे बघून बेंजोवाल्यांना, "जा रं बाबांनो तुमी."

"आये, थांब ना जरा," रोशन म्हणाला. घोड्यासारखा दांडगा गडी, हळदीच्या दिवशी तोंड भिंतीकडे करून उभा राहिला.

मग माझं डोकं फिरलं. मी सरळ फोटोकडे वळलो. "अहो धर्माजी, तुमच्यासाठीच आलोय ना आम्ही? सलामी देतोय, शिव्या नाही देत. काय चुकलं ते तरी सांगा."



जिग्नेशभाई ड्रम आवरायला बसला होता. "मेरा तो माल ही खराब हो गया, यार," म्हणत वैतागून त्याने बोटांनी ड्रमवर ठेका धरला. हळदीचा ठेका. डिसेंबरभर भाईंदरला हळदीच्या वाजपात दुकान उघडं ठेवणाऱ्या माणसाच्या बोटांत दुसरं काय असणार?

आणि तो वाजला.

बोटांनी वाजवलेला ड्रम, पण तोफ सुटल्यासारखा. जिग्नेशभाईने हात मागे घेतला, जणू चटका बसला. मग काठ्या उचलून तोच ठेका पुन्हा. खणखणीत. मी ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि हळदीत वाजतं ते जे पहिलं आठवलं ते धरलं. वाजलं. सावंतही वाजला. बायकांनी टाळ्यांचा ताल धरला, म्हाताऱ्या उठल्या.

आता मी पण काही कमी नाही. म्हटलं, वाजायला लागलंय तर आपली सलामी मधेच घुसवू. हळूच त्या उंच सुरावर चढलो. ट्रम्पेट बंद. नळाचं पाणी जावं तसं. सावंतने डोळे वटारले. हळदीवर आलो, चालू. पुन्हा सलामी, बंद. असं कितीदा केलं विचारू नका. शेवटी मुकाट हळदच वाजवली.

हिराबाई वाटी घेऊन फोटोपाशी गेल्या आणि काचेवर, दोन्ही गालांवर, हळद लावली. मग पाठमोऱ्याच हात वर करून बेंजोवाल्यांना आत बोलावलं. रोशन कुणाच्या तरी खांद्यावर होता तोवर.

पुढे मी पुष्कळ डोकं चालवलं. खाडीची दमट हवा म्हणावं, तर ती हळदीला लागली नाही आणि सलामीला लागली? सावंतचा इंजिनियर मेहुणा आवाजाच्या लहरींवर तासभर बोलला, मला झोप लागली. नंतर एकदा मी एकटाच ट्रम्पेट घेऊन त्या अंगणात जाऊन आलो. सलामी तेव्हाही नाही वाजली. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली धून, आणि ज्याच्यासाठी बसवली त्याच्या दारात तिला बंदी. मला आजही याचा उलगडा नाही, आणि आजही चीड येते.

मी असा एकटा गेलो त्या दिवशी हिराबाई अंगणात जवळा वाळत घालत होत्या. मी विचारलंच, "हिराताई, एवढा सैनिक माणूस. त्याला सलामी नको आणि हळद हवी, हे कसं?"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"माझ्या हलदीला त्याला सुट्टी न्हाय मिलाली."