पंधराचा डबा

साबण बिघडला तो माझ्या हिशेबामुळे. बोल मात्र मी सिंधूताईंना लावला, तोही शेडमधल्या सगळ्या बायकांसमोर.

केमिकल कंपनीतली नोकरी सुटल्यावर मी चांदे गावातल्या बायकांच्या गटाला साबण करायला शिकवत होतो. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं की साबण होतो. कॉस्टिक कातडी जाळतं, म्हणून तेल थोडं जास्तच ठेवायचं. सगळं कॉस्टिक त्यात संपलं पाहिजे. बायकांना वजनांची कटकट नको म्हणून मी सोपं करून दिलं. पंधराचा एक डबा खोबरेल, त्याला मी वजन करून दिलेली कॉस्टिकची एक पिशवी.

भूगावच्या एका सोसायटीतून तक्रार आली. आमच्या साबणाने एका लहान मुलीची मान सोलवटली होती. मी वडी कापून तपासणीचा थेंब टाकला. गडद गुलाबी. कॉस्टिक उरलं होतं.

"पाणी कोणी केलं होतं?"

"म्या," सिंधूताई म्हणाल्या. "पर पिशवी येकच वतली, सर."

"मग हे आलं कुठून? दुसऱ्या पिशवीतलं पडलं असणार. लक्ष कुठं असतं तुमचं?"

"घरी ठिवून आली आसंल," मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

त्या पुन्हा आल्या नाहीत. भूगावला फ्लॅटमध्ये धुण्याभांड्याला जाऊ लागल्या.

पुढचा घाणा मी स्वतः केला. तोही तसाच निघाला. तेव्हा कुठे मी डब्यातलं तेल काट्यावर घेतलं. चौदा किलोही भरेना. डबा पंधरा लिटरचा होता. तेल पाण्याहून हलकं, त्याचा लिटर किलोभर भरत नाही. दुकानात लिटरच्या आणि किलोच्या, दोन्ही डब्यांना 'पंधराचा'च म्हणतात. मी किलोचा धरला होता. पत्र्यावर छापलेलं वाचलं नव्हतं.

मी सिंधूताईंच्या घरी गेलो.

"चूक माझी होती, ताई."

"हितं चुलीम्होरं कशाला सांगताय? तितं समद्यांत बोलला व्हता."

"तिथंही सांगतो. तुम्ही परत याल?"

"न्हाई. धरलेली कामं कशी सोडू? पर तुमी सांगा. ऐकाया यीन."

आता आम्ही तेल वजनावर घेतो, डब्यावर नाही. एवढं शिकायला एका बाईचं काम गेलं.

त्या दिवशी सिंधूताई शेडवर आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "सिंधूताईंनी एकच पिशवी घातली होती. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ताई, मला माफ करा."