हुक नसलेली फ्रेम

सोपानचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. कारखान्यात चारची पाळी. बॉयलरच्या भट्टीत उसाच्या चिपाडाचा भुसा लोटायचा, दुपारी सुटायचं. भुसा हलका असतो असं बघणाऱ्याला वाटतं. पाळीभर फावड्याने लोटला की तो किती हलका आहे ते खांदा सांगतो.

एकाहत्तरच्या हंगामात त्याने एक गोष्ट मनावर घेतली होती. आई जिती आहे तोवर तिचा एक फोटो काढायचा. वडिलांचा, रंभाजीचा, एकच फोटो घरात टांगलेला होता आणि तो ते गेल्यावरचा. भिंतीला टेकवून बसवलेले, गळ्यात हार, आणि मिटलेले डोळे फोटोवाल्याने पेन्सिलीने उघडून दिलेले. त्या डोळ्यांकडे सोपानला बघवत नसे.

आई भागिरथी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला फ्लॅश सोसत नव्हता, आणि उन्हात तर डोळेच उघडत नव्हते. फोटो काढायचा तर घरातच, कंदिलाच्या उजेडात.

कोपरगावच्या पेठेत बन्सीचा स्टुडिओ होता. बन्सी त्याचा शाळासोबती.

"चारशे नंबरची फिल्म लागंल," बन्सी म्हणाला. "लई जलद असती, थोड्या उजेडात भागवती. पन महाग हाय, नगरहून मागवाया लागती. आन् कॅमेरा माझा हाय. मोडलास तर तुझ्याच भट्टीत घालीन तुला."

पहिला रोल वाया गेला. सगळे फोटो हललेले. फावडं मारणारा हात अर्धा सेकंदसुद्धा स्थिर राहत नाही, हे सोपानला तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी त्याने धान्य मोजायची पायली पालथी घातली, तिच्यावर कॅमेरा ठेवला आणि आईला समोर बसवलं.

"आये, अजिबात हलू नको."

बन्सीने फिल्म धुताना औषधात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. फोटोवर रवा पेरल्यासारखे दाणे आले, पण चेहरा स्वच्छ उमटला. भागिरथीने चष्मा पुसून बराच वेळ तो बघितला.

"ही मी व्हय?"

"मंग कोन?"

"तुझ्या बापावानी दिसाया लागले की रं. हार तेवढा राह्यलाय."

ती हसली. सोपानला हसू आलं नाही. फोटोत आईचा श्वास कोंडलेला, डोळे ताणलेले. खरंच तसं दिसत होतं. हलली तर पुसट, न हलली तर मेलेली. मग फिल्म कितीही जलद असून काय उपयोग?

आठवडाभर तो कॅमेऱ्याला शिवला नाही. संध्याकाळी नुसता बसून आईकडे बघायचा. दिवेलागणीला ती कंदील लावून भिंतीतल्या दिवळीत ठेवायची आणि हात जोडायची. त्या वेळी त्याचेही हात जोडलेले, डोळे मिटलेले असायचे. म्हणून इतक्या वर्षांत त्याने कधी बघितलंच नव्हतं. एका संध्याकाळी डोळे उघडे राहिले आणि दिसलं. तेवढा वेळ ती स्थिर असायची. कुणी न सांगता.

दुसऱ्या दिवशी त्याने दिवळीपासूनचं अंतर दोरीने मापलं, फळीवर पायली ठेवली, वर कॅमेरा लावला.

"पुन्हा मांडलंस व्हय ते खूळ? मी काय बसायची न्हाई."

"बसू नको. दिवा लाव."

तिने दिवा लावला. हात जोडले. त्या संध्याकाळी सोपानने हात जोडले नाहीत. बटण दाबलं.

फोटोत कंदिलाचा उजेड गालावर होता. चेहरा शांत. ओठ तेवढे पुसट, कारण ती काहीतरी पुटपुटत होती.

"ओठ पेन्सिलीनं नीट करून देतो," बन्सी म्हणाला.

"पेन्सिल लावू नको. हलतायत त्ये हलू दे."

सोपानने फोटो घरी नेला. भागिरथी बघत राहिली, मग म्हणाली, "झ्याक हाय. पन त्यांच्याशेजारी टांगू नको हां मला. थांब की जरा."

हंगामाच्या शेवटच्या पगारातून सोपानने तो फोटो मोठा करून घेतला. चांगली काच, सागवानी फ्रेम. मागे टेकू लावून घेतला. हुक लावू दिला नाही.